सहा पोरं, एक अंगठा

पुण्याच्या पेठांत खोली भाड्याने जात नाही, कॉट जाते. लोखंडी पलंग, त्यावर गादी, भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा आणि पलंगाखाली बॅग सरकवण्यापुरती जागा. एवढ्याचं भाडं सध्या साधारण अडीच-तीन हजारांपासून सुरू होतं. दोन खोल्यांच्या घरात अशा सहा कॉट बसतात, मालकाने मनावर घेतलं तर आठही. सदाशिव, नारायण, नवी पेठ, शास्त्री रोडच्या मागच्या गल्ल्या, कुठेही जा, विजेच्या खांबावर ‘कॉट बेसिस’ आणि ‘रूम पार्टनर पाहिजे’ या चिठ्ठ्या एकीवर एक चिकटलेल्या दिसतील.

या गल्ल्यांतून मी भाडेकरार नोंदवत हिंडते. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन एवढं माझं दुकान. घरमालकाच्या दिवाणखान्यात बसायचं, दोन्ही बाजूंचे आधार क्रमांक भरायचे, फोटो काढायचे, अंगठे घ्यायचे, दोन साक्षीदारांचेही घ्यायचे आणि दस्त दुय्यम निबंधकाकडे पाठवायचा. त्या अर्ध्या-पाऊण तासात मालक, एजंट, मुलगा आणि गावाहून आलेले वडील एकाच टीपॉयभोवती असतात. बाहेर कुणी बोलणार नाही अशा गोष्टी तिथे सहज निघतात. त्यातल्याच काही सांगते, कारण जून-जुलैत शिकायला नवी मुलं उतरतील तेव्हा त्यांना हे कुणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, “मॅडम, एकाचाच घ्या हो अंगठा. बाकीचे काय, येतात-जातात.” घरात राहणारे सहा आणि सरकारदरबारी राहतो एकच. उरलेले पाच जण त्या पत्त्यावर कुठेच नसतात. बऱ्याच घरांत तर तो एकही नसतो.

नारायण पेठेतला एक फ्लॅट मला नेहमी आठवतो. मालकांनी करार वाढवायला बोलावलं. मी जुन्या करारातलं नाव वाचलं तर घरातली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्या नावाचा मुलगा त्यांच्यातल्या एकानेच पाहिला होता. तो केव्हाच पीएसआय होऊन नाशिकच्या पोलीस अकादमीत गेला होता. जाताना त्याने आपलं डिपॉझिट आपल्या कॉटवर आलेल्या नव्या मुलाकडून घेतलं. तो मुलगा गेला तेव्हा त्याने पुढच्याकडून घेतलं. पेठांत यालाच डिपॉझिट बदली करणं म्हणतात. मालकाच्या हातात पैसे एकदाच पडले, पुढे ते या खिशातून त्या खिशात फिरत राहिले. मालकही खूश, कारण दर वेळी परत करायची कटकट नाही.

पुढे इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि जागा खाली करायची वेळ आली. सहाही जण डिपॉझिट मागायला गेले तेव्हा मालक म्हणाले, “मी ज्याच्याकडून घेतलं त्यालाच देणार. तुमची माझ्याकडे नोंद कुठाय?” माणूस वाईट नव्हता. कागद तेच सांगत होता. शेवटी त्या पीएसआयला नाशिकला फोन लावला. आपला वाटा आपल्याला केव्हाच मिळाला असून रक्कम सध्या राहणाऱ्यांना द्यावी, असं त्याने लिहून सही करून पाठवलं, तेव्हा पैसे सुटले. त्याच्या जागी दुसरा कुणी असता, किंवा त्याने नुसता नंबर बदलला असता, तर सहा घरांतले पैसे गेले असते.

म्हणून मी मुलांना कळकळीने सांगते की डिपॉझिट जाणाऱ्या पार्टनरच्या हातात रोख देऊ नका. मालकाच्या खात्यावर पाठवा आणि जाणाऱ्याला मालकाकडून घेऊ द्या. मालक कुरकुर करतील, करू द्यावी. आणि राहायला गेल्या दिवशीच भिंतींचे, नळाचे, गिझरचे, कॉटच्या मोडक्या पायाचे फोटो मालकाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. जाताना रंगरंगोटीचे पैसे कापायची वेळ येते तेव्हा ते फोटोच कामाला येतात, तोंडी आठवणी येत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर तो भीतीपेक्षा फार लहान आहे. सहा कॉटचा फ्लॅट २४ हजारांना, डिपॉझिट ६० हजार, मुदत ११ महिने धरा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या १० टक्के वार्षिक व्याजावर मिळून पाव टक्का, म्हणजे सातशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १ हजार. आमचा मेहनताना वेगळा, पण हे दोन्ही मिळून सहा जणांत डोक्यामागे तीनशे रुपयेही पडत नाहीत. मेसचा खाडा नीट लावून घेतला तरी एवढे निघतात.

नावं कागदावर असण्याचा खरा अर्थ मला २०२० साली कळला. मार्चमध्ये कोरोनामुळे अभ्यासिका बंद झाल्या, मेस बंद झाल्या आणि दोन-तीन दिवसांत पेठा रिकाम्या झाल्या. मुलं पाठीवर एक सॅक घेऊन गेली, बाकी सगळं कुलपात. भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नये, अशा सूचना गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला दिल्या. काही मालकांनी त्या पाळल्या, काहींनी नाही. पण मी सांगतेय ते वेगळं आहे. एका इमारतीत पावसाचं पाणी खोल्यांत झिरपायला लागलं. मालकीणबाई वर गेल्या, कुलपं काढली आणि ज्यांचे नंबर करारात होते त्यांना फोन केले. त्या मुलांनी सांगितलं तशी एकेकाची पुस्तकं, नोट्स, कपडे पोत्यांत भरली, पोत्यांवर मार्करने नाव आणि गाव लिहिलं आणि गॅलरीत फळीवर रचून ठेवली. नंतर मी तिथे गेले तेव्हा ती रांग पाहिली. लोणार, अक्कलकुवा, उदगीर, देवगड. शेवटी तीन पोती नुसती होती, त्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. “यांचे नंबर नाहीत हो माझ्याकडे,” बाई म्हणाल्या, “करारात नव्हतेच ते.” त्यांनी ती पोती तरी सांभाळली. दुसरीकडे अशी पोती रद्दीत गेली. हाताने लिहिलेल्या नोट्स रद्दीत गेल्या की त्यांचं मोल किलोवर होतं.

आता एक किस्सा, जो सांगताना मला आजही राग येतो. भाडं ठरलं होतं, एजंटाने दलाली म्हणून एक महिन्याचं भाडं घेतलं होतं, मुलाची बॅग दारात होती. तोवर सगळे त्याला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारत होते. आधार कार्ड बघून मी पूर्ण नाव पडद्यावर भरलं. मालक माझ्या खांद्यावरून वाचत होते. चहा आत परत गेला. “राहू द्या, माझा भाचा येतोय म्हणतो,” ते म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. त्याने आधार कार्ड पाकिटात ठेवलं आणि बॅग उचलली. त्याला हे नवं नसावं, इतकं ते शांतपणे झालं. माधुकरी मागून, वार लावून शिकणाऱ्या मुलांना पोसल्याचा अभिमान हे शहर सांगतं. १९०९ साली सदाशिव पेठेत अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. तो अभिमान खराच आहे. पण त्याच गल्ल्यांत आडनाव वाचून चहा परत जातो, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार: भोजनाचे ३२, निवासाचे २०, निर्वाहाचे ८. निवासाचे २० हजार म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत, तेवढ्यात कॉट मिळत नाही, आणि हप्ते वेळेवर येत नाहीत ते वेगळंच. पण तेवढे मिळवायलाही राहत्या जागेचा पुरावा लागतो. मुलगा भाडेकरार मागतो, मालक म्हणतात, “करार नाही, राहायचं तर राहा.” म्हणजे सरकार पैसे द्यायला तयार, मुलगा भाडं द्यायला तयार, आणि मध्ये एक कागद अडलेला. अशी मुलं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “ताई, तुम्ही मालकांशी बोला ना.”

मी बोलते. मालकांची भीती काय आहे हे मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. पेठांतल्या वाड्यांत अजून अशी कुटुंबं आहेत, ज्यांचं भाडं १९४७च्या भाडे कायद्याने जागच्या जागी गोठवलं. १ फेब्रुवारी १९७३ला जो लायसन्सवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या नुसत्या परवानगीवर, राहत होता तो कायद्याने भाडेकरू ठरला, म्हणजे अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस कायमचा झाला. ज्यांच्या वडिलांनी ते सोसलं, त्यांना कागद म्हटलं की धडकी भरते. पण आताचा कायदा १९९९चा आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपली की लायसन्सधारकाने जागा सोडायची, नाही सोडली तर दुप्पट भरपाई. आणि कलम ५५ म्हणतं, करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी. नोंदवला नाही तर अटी काय होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हे वाचून दाखवलं की बहुतेक मालक चष्मा काढून माझ्याकडे बघतात. ज्या कागदाला ते घाबरत होते, तो नसल्यानेच ते उघड्यावर आहेत, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळतं. स्वाधारच्या दोन-तीन मुलांचे करार नुसत्या या वाचनावर झाले.

आणखी एक. वय अठरा पूर्ण नसेल तर करार पालकाच्या नावे होतो. नीटच्या तयारीला आलेल्या अशाच एका मुलीचे वडील बीड जिल्ह्यातून आले होते. मशीनवर त्यांचा अंगठा उठेना. पुसला, धुतला, दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं. “मॅडम, ऊस तोडून तोडून रेषाच गेल्यात,” ते म्हणाले आणि अवघडून हात मांडीखाली घेतले. घरमालकीण आजी नारायण पेठेतल्या, नवरा गेलेला, दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या. त्या आत गेल्या, कोमट पाणी आणि मऊ पंचा घेऊन आल्या. “बुडवून ठेवा जरा, घाई नाही,” म्हणाल्या. दहाएक मिनिटांनी डाव्या हाताची अनामिका लागली. पडद्यावर हिरवी खूण आली तेव्हा मुलगी हसली.

मग आजींनी मला विचारलं, “त्यात आणखी एक अट टाकता येते का?” इतर अटींचा रकाना असतो, काय लिहायचं ते सांगा, असं मी म्हटलं. मला वाटलं नॉनव्हेज, पाहुणे, रात्री नऊचं दार, नेहमीचंच काहीतरी असेल. आजी म्हणाल्या, “लिहा, परीक्षेच्या आधी दोन महिने मालक जागा खाली करायला सांगणार नाही.” मी विचारलं, “आजी, ही अट तुमच्याच विरुद्ध जाते, चालेल?” तर म्हणाल्या, “माझ्या हातून व्हायला नको म्हणूनच लिहून घेते. मी नसले आणि मुलाने घर ताब्यात घेतलं, तर त्याला दाखवायला कागद नको का पोरीकडे?”

ती अट मी त्यांच्याच शब्दांत घातली. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या करारावेळी ती मालकांपुढे ठेवते. काही जण काढायला लावतात. बरेच जण एकदा मुलाकडे बघतात आणि राहू द्या म्हणतात.