समग्र हरिभाऊ

भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गृहिणी पातेल्यांतलें एकच शीत दाबून पाहते. शास्त्रकारांनीं यालाच स्थालीपुलाकन्याय असें नांव दिलें आहे. शाळेंत संस्कृत शिकवितांना हा न्याय मीं मुलांस अनेक वेळां समजावून सांगितला, आणि ग्रंथकारांच्या बाबतींतहि तोच लावीत आलों. एक उत्तम पुस्तक वाचलें कीं ग्रंथकार कळला, अशी माझी समजूत होती. सेवानिवृत्त झाल्यावर हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या पहिलीपासून शेवटचीपर्यंत क्रमानें वाचून काढल्या, तेव्हां त्या समजुतींतील चूक ध्यानांत आली.

हरिभाऊंची माझी पहिली ओळख लहानपणींची. आमच्या घरीं वडिलांची आत्या असे. तिला आम्ही मुलें आत्याआजी म्हणत असूं. ती सोवळी होती. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. दुपारीं माजघरांत निवडण-टिपण करीत ती बसे आणि मी तिला 'उषःकाल' वाचून दाखवीत असें. बादशहाच्या खाल्ल्या मिठास जागणारा किल्लेदार बाप आणि शिवाजीमहाराजांकडे ओढला जाणारा त्याचा मुलगा, यांची कथा ऐकतांना तिचे हात थांबत. पुस्तक संपलें, तेव्हां उत्साहाच्या भरांत मीं त्याच ग्रंथकाराचें दुसरें पुस्तक आणलें. तें होतें 'पण लक्ष्यांत कोण घेतो'. चारपांच दिवस तिनें तें ऐकलें. मग एके दुपारीं म्हणाली, "पुढचें वाचूं नकोस, बाळ. मला पुढचें ठाऊक आहे." तिनें तें पूर्वीं कोणाकडून ऐकलें असावें असें समजून मीं पुस्तक मिटलें आणि खेळावयास गेलों.

पुढें पाठशाळेंत हरिभाऊ पुन्हां भेटले, पण निराळ्या वेषांत. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं पुण्यास आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. तिची व्यवस्था पुढें हरिभाऊंकडे आली. आनंदाश्रम-ग्रंथावलींतील भाष्यें आणि टीका हातीं घेतांना मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून त्यांचें नांव दिसे. मराठी कादंबरीकार आणि संस्कृत पोथ्यांची अशी काळजी वाहणारा मनुष्य एकच, याचें मला नवल वाटे. परंतु त्या नवलापलीकडे मी गेलों नाहीं.

आतां सवड मिळाली तेव्हां १८८५ सालच्या 'मधली स्थिति'पासून आरंभ केला. त्या वेळीं हरिभाऊ अवघे एकवीस वर्षांचे होते. त्या कादंबरीवर रेनॉल्ड्स या इंग्रज ग्रंथकाराची छाया स्पष्ट दिसते. एवढेंच पुस्तक वाचणारा मनुष्य त्यांची गणना सामान्य लेखकांत करील. पण १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें, आणि त्यांतून 'पण लक्ष्यांत कोण घेतो' प्रकरणशः प्रसिद्ध होऊं लागली. येथें परकी छाया उरली नाहीं. यमू नांवाची मुलगी स्वतःच्या तोंडानें, घरांतल्या बायकांच्या बोलींत, आपली हकीकत सांगूं लागली. पांच वर्षांत एवढें अंतर कसें तोडलें गेलें, हें आधींचें पुस्तक वाचल्यावांचून कळत नाहीं.

या वाचनांत कंटाळा आला नाहीं असें म्हणणें खोटें होईल. आठवड्यास मजकूर पुरवावयाचा असल्यानें हरिभाऊंच्या लेखनांत पाल्हाळ शिरला आहे. तीं पुस्तकें साप्ताहिकासारखींच, रोज एकदोन प्रकरणें अशा बेतानें वाचावीं, हें मी अनुभवानें शिकलों. 'आजच', 'मायेचा बाजार', 'कर्मयोग' या कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. आपल्याच काळाविषयीं लिहितांना शेवट सांपडणें त्यांस अधिकाधिक अवघड होत गेलें असावें, असें मला वाटतें. चोपन्नाव्या वर्षीं, १९१९ सालीं, ते वारले.

परंतु समग्र वाचनाचें खरें फळ मला 'वज्राघात' वाचतांना मिळालें. ही १९१३ ते १५ या काळांतील कादंबरी. विषय १५६५ सालचा विजयनगरचा विनाश. लढाईच्या वर्णनाची अपेक्षा ठेवून मी वाचीत होतों. पाहतों तों साऱ्या विनाशाच्या मुळाशीं हरिभाऊंनीं रामराजानें एका स्त्रीचा केलेला विश्वासघात ठेवलेला! मेहेरजानला दिलेला शब्द तो मोडतो, आणि त्या शब्दाचें ऋण एक साम्राज्य देऊन फिटतें. इतिहासांत असें घडलें असें नव्हे. ही हरिभाऊंची कल्पना आहे. म्हणूनच ती त्यांच्या अंतःकरणाविषयीं अधिक सांगते. यमूवर अन्याय झाला, पण त्यानें कोणाचें सिंहासन डळमळलें नाहीं. शेजारचें घरहि डळमळलें नाहीं. वीस वर्षांनंतर त्याच लेखणीनें स्त्रीवरील अन्यायाचें मोल एका राज्याएवढें ठरविलें. सामाजिक हरिभाऊ आणि ऐतिहासिक हरिभाऊ अशी वांटणी आपण शाळेंत करतों. मीहि मुलांस तशीच शिकविली. दोहोंत वाहणारें दुःख एकच आहे.

'वज्राघात' मिटवून मीं यमूची कथा पुन्हां उघडली आणि या वेळीं शेवटपर्यंत वाचली. पतीच्या निधनानंतर यमूच्या इच्छेविरुद्ध तिचें केशवपन होतें, तें प्रकरण आलें. तेव्हां आत्याआजीचें वाक्य आठवलें. तिनें तें पुस्तक पूर्वीं कधींच ऐकलें नव्हतें. पुढचें तिला कसें ठाऊक होतें, हें कळावयास मला साठ वर्षांचें व्हावें लागलें. आमच्या भरल्या घरांत ती इतकीं वर्षें वावरली. तिचें लग्न कोणत्या वर्षीं झालें, तिचे यजमान कसे होते, तिला काय आवडे, हें कोणी विचारल्याचें मला स्मरत नाहीं. मींहि विचारलें नाहीं. ग्रंथाच्या नांवांतला प्रश्न मोठ्यानें वाचणाऱ्या मुलानेंच तो लक्ष्यांत घेतला नव्हता.

वाचकांस एवढीच विनंति कीं, आवडता ग्रंथकार कोणीहि असो, एकदां त्याचें सारें लेखन लिहिल्या क्रमानें वाचावें. फसलेलें व अपुरें राहिलेलेंहि सोडूं नये. आणि घरांत कोणास वाचून दाखवीत असतां ऐकणारानें मध्येंच "पुरे" म्हटलें, तर पुस्तक मिटून उठून जाऊं नये. क्षणभर जवळ बसावें आणि "कां?" म्हणून विचारावें.