एका हंगामावरून किती बोलायचं? खो-खोच्या एका गुणातून संशोधनाचा धडा



पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि हातात जेमतेम एका हंगामाचा डेटा आहे. 'एवढ्यावरून निष्कर्ष निघेल का?' हा प्रश्न आरएसीच्या बैठकीत येणारच. त्याचं उत्तर आज आपण खो-खोच्या एका हंगामावरून शोधू.

अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्याच्या बालेवाडीत झाला. सहा संघ होते. साखळीत प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे संघामागे १० सामने. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं हरवलं. फरक फक्त एका गुणाचा!

आता दोन वाक्यं बघा. 'ओडिशा विजेता ठरला' हे निरीक्षण आहे. 'ओडिशा सर्वांत चांगला संघ होता' हा निष्कर्ष आहे. पहिल्याला स्कोअरबोर्ड पुरतो. दुसरं म्हणायच्या आधी तीन प्रश्न विचारावे लागतात.

१) आकडा नेमकं काय मोजतो?

आपण शाळेच्या मैदानावर जो खो-खो खेळलो, त्यात एक गडी बाद म्हणजे एक गुण. या लीगमध्ये साध्या बादला २ गुण होते, तर आकाशीय सूर किंवा खांबावरचा सूर मारून बाद केलं तर ३. आता एक काल्पनिक उदाहरण घ्या. 'अ' संघाने १४ गडी साधे आणि ६ गडी सूर मारून बाद केले: २८ + १८ = ४६ गुण. 'ब' संघाने १८ साधे आणि ३ सूर मारून: ३६ + ९ = ४५ गुण. नव्या नियमाने 'अ' जिंकला. पण 'अ'ने २० गडी बाद केले आणि 'ब'ने २१, म्हणजे जुन्या नियमाने 'ब' जिंकला असता! खेळ तोच, मोजपट्टी बदलली की विजेता बदलतो. म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'कामगिरी', 'गुणवत्ता', 'जागरूकता' असे शब्द लिहिले की ते कशाने मोजणार, हे त्याच पानावर लिहा.

२) किती वेळा मोजलं?

समजा सहाही संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक. तरीही एखाद्या संघाने १० पैकी ७ किंवा जास्त सामने जिंकण्याची शक्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे साधारण १७ टक्के निघते. सहा संघांपैकी कुणाला तरी असे ७ विजय मिळाले, तर त्यात नवल काही नाही. गुणतक्ता मात्र त्यालाच 'दादा संघ' दाखवेल. १० सामन्यांत योगायोग आणि ताकद वेगळी करणं अवघड असतं, आणि अंतिम सामना तर एकच असतो.

३) कोण मोजलंच गेलं नाही?

ही लीग फक्त पुरुषांची होती. आपल्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती, या डेटात येऊच शकत नाही. मग या हंगामावरून 'भारतीय खो-खो' असं शीर्षक द्यायचं का? नाही. 'पुरुषांची लीग, २०२२' एवढंच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजेते ठरले. पुरुषांचा कर्णधार होता प्रतीक वाईकर. २०२२ मध्ये एका गुणाने हरलेल्या तेलुगू योद्धाजचा कर्णधारही तोच! एका हंगामाचा निकाल किती मर्यादित असतो, ते बघा.

आता हेच आपल्या भागात लावून बघा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरणात पाणी आलं. भूजलावर काम करणाऱ्या एकाने बोअरची पातळी फक्त मे महिन्यात मोजली आणि दुसऱ्याने फक्त नोव्हेंबरमध्ये, तर एकाच गावावर दोन उलटे प्रबंध तयार होतील. दोघांचीही मोजमापं अचूक असतील, हे विशेष.

मग एका हंगामाचा डेटा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. पीएच.डी.ची वर्षं मोजकी असतात, फेलोशिपची मुदतही. जेवढा डेटा आहे तेवढाच प्रश्न विचारा. 'सर्वोत्तम संघ कोणता?' ऐवजी 'या हंगामात सूर मारून मिळालेल्या गुणांचा वाटा किती?' असं विचारलं, तर ३० साखळी सामन्यांतले शेकडो बाद गडी तुमच्या मदतीला येतात. फक्त हे लक्षात ठेवा की त्यातले बरेच सूर त्याच-त्या खेळाडूंचे असणार, त्यामुळे प्रत्येक बाद गडी म्हणजे स्वतंत्र निरीक्षण नाही.

आज रात्री एक करा. तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक वहीत लिहा, खाली हे तीन प्रश्न लिहा आणि प्रत्येकाचं उत्तर एका ओळीत द्या. ज्या प्रश्नापाशी पेन अडेल, तिथूनच उद्या गाइडशी बोलायला सुरुवात करा.