जुन्या गाडीची वॉरंटी : घ्यावी की पैसे बाजूला ठेवावेत?

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यातल्या अनेक घरांत पहिली चारचाकी येते ती जुनीच. अम्मीला तपासणीसाठी पुण्याला न्यायचे असते, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असतो, पनवेल-मुंबईला लग्नकार्याला सगळ्यांना एकत्र जायचे असते. त्यासाठी चार-पाच लाख जमवताना कुणी दागिना मोडतो, कुणाला भाऊ हातभार लावतो. गाडी पसंत पडते, भाव ठरतो आणि पैसे मोजायच्या वेळी विक्रेता म्हणतो, "भाईजान, अजून फक्त पंधरा हजार भरा. एक्स्टेंडेड वॉरंटी मिळेल, वर्षभर टेन्शन नाही."

अशा वेळी "नको" म्हणणे जड जाते. इंजिन बसले तर काय, ही भीती खोटी नसते. पण भीतीपोटी सही करण्याआधी ही वॉरंटी काय देते आणि काय देत नाही, याचा विचार घरी बसून, शांतपणे करायला हवा.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

पहिली गोष्ट, कंपनीची मूळ वॉरंटी. ती नव्या गाडीबरोबर येते आणि ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर चालते. मारुती सुझुकीने जुलै 2024 मध्ये ही मुदत 2 वर्षे किंवा 40 हजार किलोमीटरवरून 3 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटर केली. गाडी विकली गेली तरी उरलेली मुदत सहसा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. मात्र सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली असावी लागते. म्हणून दीड-दोन वर्षांची गाडी घेत असाल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर देऊन चौकशी करा. जे आधीच मिळालेले आहे, त्यासाठी पुन्हा पैसे मोजू नका.

दुसरी गोष्ट, एक्स्टेंडेड वॉरंटी. ही कंपनीची असू शकते, विक्रेत्याची असू शकते किंवा भलत्याच तिसऱ्या संस्थेची. नाव एकच असले तरी तिघांच्या शब्दाचे वजन सारखे नसते.

तिसरी गोष्ट, विमा. अपघात, चोरी, आग, पूर हे विम्याचे काम. गाडी आपणहून आतून बिघडली, तर ते वॉरंटीचे काम. या दोघांच्या मध्ये एक फट आहे आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या गाड्या नेमक्या त्यात अडकतात. साचलेल्या पाण्यातून गाडी घातली, पाणी इंजिनात शिरले आणि इंजिन जाम झाले, तर वॉरंटी देणारा म्हणतो, हा बाहेरच्या पाण्याचा परिणाम. साधा विमाही हा खर्च बहुधा नाकारतो. त्यासाठी विम्यात 'इंजिन प्रोटेक्शन'ची जोड वेगळी घ्यावी लागते. लोणावळ्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथल्या माणसाने वॉरंटीआधी या जोडीची चौकशी करावी, हे बरे. मात्र फार जुन्या गाडीला ती सहसा मिळत नाही.

घाट काय झिजवतो, कागद काय भरून देतो

कर्जतहून बोरघाट चढताना रेल्वेला मागून ढकलायला बँकर इंजिने लावतात. आपल्या गाडीला मात्र सगळा भार स्वतःच्या क्लचवर पेलावा लागतो. शनिवार-रविवारी घाटात कोंडी झाली की अर्धा क्लच दाबून गाडी इंचाइंचाने पुढे सरकते. उतरताना ब्रेक तापतात. खड्ड्यांनी शॉकअप आणि सस्पेन्शनचे बुश जातात. चार महिन्यांच्या ओलीने खालचा पत्रा आणि सायलेन्सर गंजतो, वायरिंगच्या जोडांत दमटपणा धरतो.

आता वॉरंटीच्या कागदावरची वगळलेल्या भागांची यादी वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, बल्ब, रबरी भाग, गंज. यांना 'झिजणारे भाग' म्हणतात आणि जवळपास प्रत्येक वॉरंटी त्यांना बाहेर ठेवते. आत असतात ते इंजिनचे अंतर्गत भाग, गिअरबॉक्स आणि योजनेनुसार स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर किंवा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट.

म्हणजे मावळातल्या गाडीमालकाला ज्या खर्चाची खात्री आहे, तो त्यालाच करायचा आहे. वॉरंटी आहे ती क्वचित येणाऱ्या, पण आला तर घराचा हिशेब कोलमडवणाऱ्या खर्चासाठी. यात फसवणूक नाही. मात्र "वर्षभर टेन्शन नाही" हे वाक्य खरेही नाही.

आकडे मांडून पाहू

समजा वॉरंटीची किंमत 15,000 रुपये आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 17,700 रुपये होतात.

आता समजा गाडी साधी पेट्रोलची, हाताने गिअर टाकायची आहे. मोठे काम निघाले तर 60,000 रुपये लागतील आणि तुमचा हिस्सा वजा जाता वॉरंटीतून 45,000 मिळतील. मग हा सौदा फायद्याचा ठरायला अशा दर पाच गाड्यांपैकी दोन गाड्यांचे मोठे काम त्याच एका वर्षात निघायला हवे. चांगल्या मेकॅनिकने तपासलेल्या, नीट सर्व्हिस झालेल्या गाडीबाबत ही शक्यता फारच कमी. आणि शक्यता खरोखर इतकी असेल, तर ती गाडीच घेऊ नये.

दुसरी गाडी समजा ऑटोमॅटिक आहे. तिच्या गिअरबॉक्सला 1,20,000 रुपये लागतील आणि वॉरंटीतून 1,00,000 पर्यंत मिळतील. इथे सहापैकी एखाद्या गाडीला तो बिघाड येत असेल तरी पैसे जवळपास वसूल होतात. म्हणूनच ऑटोमॅटिक, टर्बो इंजिन किंवा नव्या पद्धतीची डिझेल गाडी असेल तर वॉरंटीचा विचार गंभीरपणे करावा. अशा गाड्यांचे मोठे काम गल्लीतल्या गॅरेजमध्ये होत नाही आणि सुटे भागही स्वस्त नसतात.

17,700 रुपये बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला 1,475 रुपये होतात. आपल्या घरातल्या स्त्रिया भिशी शिस्तीने चालवतात. तशीच गाडीची एक वेगळी रक्कम दरमहा बाजूला पडू लागली, तर त्यातून क्लचही बदलता येतो, टायरही येतो आणि वर्षभर काहीच बिघडले नाही तर पैसे घरातच राहतात. मात्र पहिल्या दोन-तीन महिन्यांतच मोठे काम निघाले, तर डब्यात काही नसेल. तो धोका पेलण्याइतकी शिल्लक घरात आहे का, हे आधी पाहावे.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

1. पैसे कोण देणार? गाडी बनवणारी कंपनी, विक्रेता की तिसरी संस्था? विक्रेत्याचे दुकान बंद झाले तर जबाबदारी कुणाची?

2. एका दाव्याला आणि वर्षभरात मिळून कमाल किती रक्कम मिळते? सुटे भाग आणि मजुरी दोन्ही धरले आहे का?

3. दुरुस्ती कुठे होणार? गाडी कामशेतला बंद पडली आणि मान्य गॅरेज पिंपरी-चिंचवडला असले, तर टोइंगचा खर्च कोण करणार?

4. परवानगीआधी ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन उघडले तर दावा बाद होतो का? बहुतेक ठिकाणी होतो. म्हणून गाडी बंद पडल्यावर पहिला फोन वॉरंटीच्या नंबरवर करावा.

5. बाहेरून बसवलेले सीएनजी किट चालते का? सर्व्हिस किती किलोमीटरला आणि कुठे करायची?

6. वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू होते? सुरुवातीचे काही दिवस दावा चालत नाही, अशी अट आहे का?

7. गाडीचा व्यावसायिक वापर चालतो का?

शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. लोणावळ्यात पर्यटकांचा राबता असतो आणि घरची पांढऱ्या पाटीची गाडी सुट्टीच्या दिवशी भाड्याने सोडण्याचा मोह होतो. हे कायद्यात बसत नाही. शिवाय अशा वापरात बिघाड किंवा अपघात झाला तर वॉरंटी आणि विमा दोन्हीकडून नकार येऊ शकतो. गाडीवर रोजी कमवायची असेल तर परवाना काढून, पिवळ्या पाटीवर, आणि व्यावसायिक वापर मान्य करणारी वॉरंटी असेल तरच पैसे भरावेत.

दीनच्या दृष्टीने

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या राशीजवळ थांबले, आत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. मग ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मालातला दोष सांगणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे आणि लपवलेला दोष निघाला तर फिकहमध्ये खरेदीदाराला 'खियारे ऐब', म्हणजे सौदा परत करण्याचा हक्क आहे. पाण्यात बुडालेली किंवा अपघात झालेली गाडी रंगवून विकायची आणि वर वॉरंटीचा कागद द्यायचा, याने ती जबाबदारी संपत नाही.

वॉरंटीच्या पैशांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. गाडीच्या किमतीतच धरून दिलेल्या वॉरंटीला सहसा हरकत घेतली जात नाही. वेगळे पैसे मोजून घेतलेल्या वॉरंटीत मात्र काय मिळेल आणि मिळेल की नाही हे अनिश्चित असते. ही अनिश्चितता म्हणजे 'गरर', असे मानून अनेक जण तिला विम्याच्या पंक्तीत बसवतात. काही जण तिला सेवेचा करार मानतात. आपल्या विश्वासातल्या आलिमांना कागद दाखवून विचारावे. विक्रेत्याशी बोलताना एक मार्ग मात्र सरळ आहे. वेगळी वॉरंटी न घेता, "ठरल्या किमतीतच सहा महिने इंजिन-गिअरबॉक्सची जबाबदारी लिहून द्या," असे म्हणावे. आणखी एक काळजी घ्यावी. गाडी कर्जावर असेल तर वॉरंटीची रक्कम अनेकदा कर्जातच मिळवली जाते आणि तिच्यावरही व्याज चढते.

मुदतीच्या व्यवहाराची लेखी नोंद करण्याची शिकवण सूरह बकराच्या 282व्या आयतीत आहे. वॉरंटी हे पुढच्या काळाचे वचन आहे. तोंडी "बघून घेऊ"वर ते सोडू नये.

नकार आला तर

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याकडून अधिकृतता प्रमाणपत्र घेण्याचा नियम लागू आहे. ते दाखवायला सांगा. बिल, वॉरंटीची पूर्ण प्रत, सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवा. गाडी नावावर होताच वॉरंटीतही नाव बदलून घ्या.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तेथे काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी टॅक्सी घेतलेला माणूसही या कायद्यात ग्राहकच आहे.

थोडक्यात

कोणतीही गाडी असो, पहिले पैसे तपासणीवर खर्च करा. विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या मेकॅनिकला घेऊन जा. गाडी घाटात चढवून-उतरवून पाहा. मॅट उचलून खाली गंज पाहा. सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखलाचे डाग दिसतात का, ते बघा.

गाडी साधी पेट्रोलची, नीट राखलेली आणि घरात थोडी शिल्लक असेल, तर वॉरंटीचे पैसे डब्यात टाका. गाडी ऑटोमॅटिक, टर्बो किंवा डिझेल असेल, सगळी शिल्लक खरेदीतच गेली असेल, वॉरंटी कंपनीची असेल आणि मान्य गॅरेज जवळ असेल, तर दीनच्या बाजूने मन निःशंक करून ती घ्यायला हरकत नाही. आणि वगळलेल्या भागांची यादी विक्रेता पैसे भरण्यापूर्वी दाखवत नसेल, तर ती वॉरंटी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.