आधी गाव, मग नाव

मे महिन्याच्या सुट्टीत कुलदैवताला जायचेच आहे, तर घराण्याचा मागही काढून येऊ, असे आता बऱ्याच कुटुंबांना वाटते. इच्छा चांगली आहे, पण माणसे निघतात आडनाव घेऊन, आणि दप्तरखान्यात नुसत्या आडनावाचा फारसा उपयोग होत नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही मुळात हुद्द्यांची नावे. एकमेकांशी काही नाते नसलेली शेकडो घराणी ती लावतात. शिवाय पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद वंशावळीसाठी लिहिलेच गेले नव्हते. सारावसुली, इनामे, वतनाचे तंटे, रोजचा जमाखर्च यांसाठी ते लिहिले गेले. त्यांतून गो. स. सरदेसाई यांनी निवडून प्रसिद्ध केलेल्या 45 खंडांत राजकारण आणि मोहिमा भरपूर सापडतात. साध्या कुळाच्या जमिनीचा हिशेब शोधायचा तर त्याचा परगणा आणि गाव ठाऊक हवे. म्हणून प्रवासाचे तिकीट काढण्याआधी घरातली जुनी खरेदीखते, शाळेचे दाखले, सातबारा चाळून मूळ गाव पक्के करावे, असे माझे ठाम मत आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: कागद वतनदारांचे आणि इनामदारांचे, बाकीच्यांचे काय? कुलवृत्तांतांपुरता, म्हणजे घराण्यांच्या छापील इतिहासांपुरता, तो खरा आहे; ते छापण्याची ऐपत आणि हौस मोजक्याच समाजांत होती. पण तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक असते. त्यात गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद जातीसह होत असे, मग घर वाड्यातले असो की गावकुसाबाहेरचे. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा याच नोंदवह्या बाहेर काढाव्या लागल्या आणि मोडी लिपी वाचणाऱ्यांची उणीव साऱ्या राज्याला जाणवली. कोतवाल बुकात मुलीच्या जन्माचीही नोंद होत असे. वंशावळीच्या तक्त्यात लेकींना सहसा जागाच नसते. त्या दृष्टीने मला ही साधी सरकारी वही कुलवृत्तांतापेक्षा अधिक न्यायी वाटते.

दुसरा आक्षेप असा, की सारे ऑनलाइन येत असताना जायचे कशाला? काही जिल्ह्यांतले जुने जमीन अभिलेख खरोखरच घरबसल्या दिसतात. पण स्कॅन केलेले पान मोडीत असेल तर जाणकार लागतोच, आणि कालगणनाही उलगडावी लागते: शकात 78, फसलीत 590, सुहूर सनात 599 मिळवले की इसवी सन जवळपास हाती येतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या तर त्यांच्या घरीच पाहाव्या लागतात, आणि तिथेही पहिला प्रश्न मूळ गावाचाच असतो. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी नाही. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांच्या, नोंदी जपल्या आहेत. त्यांत पूर्वजाच्या नावाबरोबर गावही मिळू शकते, मात्र कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. कोकणात येऊन शोध घेणाऱ्याने ते नाव आधी तालुक्याच्या गावयादीशी ताडून पाहावे, उच्चाराच्या जवळची दोन-तीन गावे निवडावीत आणि मुक्काम कामकाजाच्या दिवशी ठेवावा. शनिवार-रविवारी कचेऱ्या बंद असतात.