लोणारच्या पाण्यातील अन्नवाटप

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले आणि साऱ्या देशाचे लक्ष आमच्या बुलढाणा जिल्ह्याकडे वळले. पाणी आटून क्षारता वाढली व लालसर रंगद्रव्याचे मीठप्रेमी आर्किया फोफावले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. मला मात्र सरोवराच्या नेहमीच्या हिरव्या रंगाचे कुतूहल अधिक वाटते.

तो रंग मुख्यतः स्पिरुलिनासारख्या नील-हरित जीवाणूंचा. सूर्यप्रकाश आणि पाण्यात विरघळलेला कार्बन यांवर ते अमाप वाढतात. ते मेले की उरणारे अन्न कोण खाते? एखादाच बलवान जीवाणू सारे फस्त का करीत नाही?

उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटापाशी २००९ च्या वसंतात शैवालाचा बहर आला. जर्मन संशोधकांनी तिथले पाणी पुन्हा पुन्हा तपासले. बहर ओसरताना जीवाणूंचे निरनिराळे गट पाळीपाळीने वाढले, कारण शैवालातल्या वेगवेगळ्या शर्करा तोडणारी विकरे वेगवेगळ्या गटांकडे होती. खळ्यावर धान्य घरधन्याचे, कडबा गुरांचा आणि सांडलेले दाणे चिमण्यांचे, तसेच हे.

लोणारच्या गाळातही अशीच वाटणी आहे. कुजणाऱ्या जैव पदार्थांपासून तिथे मिथेन, मिथेनॉल आणि मिथिलअमाइन ही साधी संयुगे तयार होतात. पुण्याचे योगेश शौचे आणि इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाचे कॉलिन मरेल यांच्या गटाने ती गाळाच्या वेगवेगळ्या नमुन्यांना पुरवली. त्यांतला कार्बन मात्र जड, म्हणजे कार्बन-१३ होता. ज्याने खाल्ले त्याचा डीएनए जड झाला. तो वेगळा काढला की खाणारा ओळखू येतो. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मिथेनवर प्रामुख्याने मिथायलोमायक्रोबियम, मिथेनॉलवर मिथायलोफॅगा आणि मिथिलअमाइनवर बॅसिलस.

ही वाटणी बाहेरून कुणी लावून दिलेली नाही. ज्याच्याकडे जे पचवण्याची विकरे, त्याचा तो वाटा. मात्र हे सारे खाणारे खारट, अतिअल्कधर्मी पाण्याला सरावलेले आहेत. सांडपाणी किंवा गोडे पाणी सतत मिसळत राहिले, तर आधी पंगतीतले जीव बदलतील आणि मग सरोवर. २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. काठावरच्या पक्ष्यांबरोबरच, डोळ्यांना न दिसणारी ही पंगतही राखली, तरच त्या दर्जाला अर्थ आहे.