आंधळी चाचणी आणि डोळस खरेदी

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाने २ मे २०१३ रोजी जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश व्यापाऱ्यास फसवणुकीबद्दल १० वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. 'एडीई-६५१' नावाचे स्फोटकशोधक यंत्र त्याने अनेक देशांच्या सरकारांना विकले होते. हे यंत्र म्हणजे प्लास्टिकची एक मूठ आणि तिच्यावर मोकळेपणी फिरणारी धातूची कांडी, याहून अधिक काही नव्हते. त्यात बॅटरी नव्हती, विजेचे मंडल नव्हते, मापनाचे कोणतेही साधन नव्हते. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याचे म्हणून अमेरिकेत २० डॉलरहून कमी किमतीस विकल्या जाणाऱ्या एका गमतीच्या वस्तूवरून ते बेतलेले होते. मात्र एकट्या इराकने या यंत्रांवर सुमारे साडेआठ कोटी डॉलर खर्च केले. बगदादच्या तपासणी नाक्यांवर सैनिक व पोलीस ही कांडी हाती धरून मोटारींच्या बाजूने चालत, आणि स्फोटकांनी भरलेली वाहने त्यांच्यासमोरून शहरात शिरत. २५ ऑक्टोबर २००९ रोजी बगदादमध्ये झालेल्या दोन स्फोटांत दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

एवढी उघड लबाडी सरकारांच्या पचनी पडली कशी, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर अज्ञान आणि लाचखोरी असे दिले जाते. या प्रकरणात दोन्ही होती, हे खरे. तथापि तेवढ्यावर थांबले तर मूळ दुखणे हाती लागत नाही. खोटे नाणे चालते ते खऱ्या नाण्याच्या पतीवर. अदृश्य रसायनाचा लेशमात्र अंश काही क्षणांत ओळखणारे खरे यंत्र जगात अस्तित्वात आहे, याच जाणिवेवर या कांडीचा व्यापार उभा राहिला. म्हणून प्रथम त्या खऱ्या विद्येचा परिचय करून घेणे अगत्याचे ठरते.

रोंटगेनने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. ते किरण हवेतून गेले की हवा वीजवाहक बनते, असे दिसून आले. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन आणि त्यांचा तरुण विद्यार्थी अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी या विद्युत्भारित कणांचा, म्हणजे आयनांचा, अभ्यास सुरू केला, आणि विद्युत्क्षेत्रात ते किती वेगाने सरकतात याची मोजमापे रदरफोर्डने केली. पुढे फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी या गतीची उपपत्ती मांडली. त्यानंतर सुमारे साठ वर्षे हा विषय भौतिकशास्त्रज्ञांच्या जिज्ञासेपुरताच राहिला. १९७० मध्ये मार्टिन कोहेन व फ्रान्सिस कारासेक यांनी 'प्लाझ्मा क्रोमॅटोग्राफी' या नावाने याच तत्त्वावरील रासायनिक विश्लेषणाची पद्धत शास्त्रज्ञांपुढे ठेवली. आज ती 'आयन मोबिलिटी स्पेक्ट्रोमेट्री' या नावाने ओळखली जाते.

तिचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. संशयित वस्तूवरून कापडाची पट्टी फिरवतात आणि ती पट्टी यंत्रात तापवतात. तिला चिकटलेल्या कणांची वाफ होते. निकेल-६३ या किरणोत्सारी धातूच्या प्रभावाने या वाफेतील रेणूंना विद्युत्भार मिळतो. मग एक सूक्ष्म दार क्षणभर उघडते आणि हे आयन एका नळीत सोडले जातात. नळीत विद्युत्क्षेत्र त्यांना पुढे ओढते, तर समोरून येणारी हवा त्यांना अडवते. लहान व आटोपशीर आयन लवकर पोहोचतात, मोठे व पसरट आयन मागे पडतात. ही शर्यत एका सेकंदाच्या काही सहस्रांशांत संपते आणि पोहोचण्याच्या वेळेवरून पदार्थ कोणता, याचा अंदाज बांधता येतो. ग्रॅमच्या अब्जांश भागाइतका अंशही या रीतीने ओळखता येतो. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचलेले 'आरडीएक्स' हे नाव येथे उदाहरणादाखल घेता येईल. त्याची वाफ सामान्य तापमानास जवळजवळ होतच नाही. त्यामुळे नुसती हवा हुंगून ते सापडणे अतिशय कठीण असते. त्याचे चिकट कण हातांवर, कुलपावर, पेटीच्या मुठीवर राहतात, आणि तेच पट्टीने टिपावे लागतात.

या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले ते भीतीमुळे. विषारी वायूच्या भीतीने सैन्यांनी त्याची हातात धरण्याजोगी आवृत्ती घेतली. १९९१ च्या आखाती युद्धात ती सैनिकांजवळ होती. विमानतळांवरील मागणीमागे दोन भीषण घटना होत्या. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ स्फोटाने नष्ट होऊन ३२९ जणांचा अंत झाला. आदल्या दिवशी टोरांटो विमानतळावर सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले होते, आणि उरलेले सामान 'पीडी-४' नावाच्या हातातील वासशोधक यंत्राने तपासण्यात आले होते. हे यंत्र आयन मोबिलिटीचे नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत याच विमानतळावर पोलिसांसमोर त्याचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा बंदुकीची दारू जवळजवळ टेकवल्याखेरीज ते दाद देत नाही, असे आढळले होते. ते निरुपयोगी असल्याचे मत नोंदले गेले, पण यंत्र वापरात राहिले. पुढे २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन अॅमचे विमान कोसळून २७० माणसे मेली. १९९० मध्ये अमेरिकेने कायदा करून स्फोटकशोधनाच्या संशोधनास गती दिली. येथून पुढे शोधयंत्रांची बाजारपेठ वाढत गेली, आणि तिच्यातील मुख्य खरेदीदार सरकार हेच राहिले.

ज्या वर्षी कोहेन-कारासेक यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, म्हणजे १९७० मध्ये, जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचाही एक निबंध प्रसिद्ध झाला. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखवले, की मालाचा कस विक्रेत्यास ठाऊक असतो आणि गिऱ्हाइकास नसतो, तेव्हा निकृष्ट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावून लावू शकतो. तथापि जुनी मोटार घेणारा फसला, तरी चार दिवसांत त्याला फसल्याचे कळते. शोधयंत्राचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे फसते, आणि तरीही त्याला ते कळत नाही. याचे कारण साध्या अंकगणितात आहे.

समजा, एका नाक्यावरून १ लाख वाहने गेली आणि त्यांपैकी एकातच स्फोटके आहेत. 'काही नाही' एवढेच सांगणारी निर्जीव कांडी ९९,९९९ वेळा बरोबर ठरेल. उलट खरे यंत्र घेतले आणि त्याने निर्दोष वाहनांपैकी केवळ शेकडा एकावर चुकीचा इशारा दिला असे मानले, तर ते सुमारे १,००० वेळा विनाकारण वाजेल आणि एकदाच सकारण. नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाचा अनुभव काय सांगेल? खोटे यंत्र शांत व विश्वासू, खरे यंत्र कटकटे! कांडी मधूनच एखाद्या मोटारीकडे वळली आणि काही सापडले नाही, तर प्रवाशाच्या अत्तराला दोष देता येत असे. बाजारात गिऱ्हाइकाचा खरा गुरू म्हणजे अनुभव. येथे तो गुरूच चुकीचा धडा शिकवतो. ज्या एका वाहनाने यंत्राची परीक्षा झाली असती, ते आपल्यामागे साक्षीदार ठेवत नाही.

अशा वेळी गिऱ्हाईक किमतीवरून कस ठरवू लागते. हजारो डॉलर मोजून घेतलेली वस्तू निव्वळ प्लास्टिक असेल, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. हा मागासलेल्या देशांचाच दोष आहे असेही समजू नये. 'क्वाड्रो ट्रॅकर' नावाची अशीच पोकळ पेटी अमेरिकेतील शाळांनी आणि पोलीस खात्यांनी विकत घेतली होती. १९९६ मध्ये तेथील न्यायालयाने तिच्या विक्रीवर बंदी घातली.

बरे, यंत्रामागील विद्या अस्सल असली म्हणजे खरेदी योग्य ठरते, असेही नाही. प्रवाशाच्या अंगावर हवेचे झोत सोडून त्यातून सुटलेले कण तपासणारी उभी कमान अमेरिकेने २००४ पासून विमानतळांवर आणली. तिच्यातील तत्त्व आयन मोबिलिटीचेच होते. अशी २०७ यंत्रे सुमारे ३ कोटी डॉलर देऊन घेण्यात आली. प्रयोगशाळेत चाललेली ही यंत्रे विमानतळावरील धूळ आणि दमटपणा यांपुढे टिकली नाहीत, आणि २००६ च्या जूनमध्ये ती बसवण्याचे काम थांबवावे लागले. प्रत्यक्ष परिस्थितीत पुरेशी परीक्षा होण्यापूर्वीच ती मैदानात उतरवली गेली, असा ठपका तेथील सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ मध्ये ठेवला. ठपका ठेवणारी स्वतंत्र संस्था होती आणि तिचा अहवाल कोणासही वाचता येत होता, हा मात्र बगदाद आणि वॉशिंग्टन यांमधील महत्त्वाचा फरक होय.

या हिशेबाची आणखी एक बाजू आहे आणि ती सामान्य नागरिकाशी निगडित आहे. यंत्र जितके संवेदनशील, तितका निरपराध माणूस त्याच्या कक्षेत येण्याचा संभव अधिक. हृदयविकाराच्या रुग्णाच्या गोळीतील नायट्रोग्लिसरीन आणि स्फोटकातील नायट्रोग्लिसरीन हा रेणू एकच आहे. नायट्रेटयुक्त खत हाताळलेल्या शेतकऱ्याच्या हातावरही यंत्रास संशय घेण्याजोगे कण असू शकतात. आयनांची शर्यत रेणूची ओळख सांगते, माणसाचा हेतू सांगत नाही. यंत्राचा इशारा हे चौकशीचे निमित्त आहे, पुरावा नव्हे, ही मर्यादा नियमात लिहिलेली असली पाहिजे. दक्षिण थायलंडमध्ये 'जीटी-२००' या कांडीच्याच जातीच्या यंत्राने केलेल्या निर्देशावरून लोकांना ताब्यात घेतल्याच्या तक्रारी झाल्या. तेथे निर्जीव प्लास्टिकने माणसांना आरोपी ठरवले, असेच म्हणावे लागेल.

याच थायलंडने या रोगावरील औषधही दाखवून दिले. २०१० मध्ये तेथील सरकारने जीटी-२०० ची जाहीर परीक्षा घेतली. चार ठिकाणांपैकी एकात स्फोटक ठेवायचे आणि ते कोठे आहे हे यंत्र धरणाऱ्यास कळू द्यायचे नाही, अशी रीत होती. २० प्रयत्नांत यंत्राने ४ वेळा बरोबर उत्तर दिले. डोळे मिटून बोट ठेवणाऱ्यालाही सरासरीने ५ वेळा यश मिळाले असते. हीच ती आंधळी चाचणी. तिला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, परकीय तज्ज्ञ लागत नाहीत, आणि तिचा खर्च एका यंत्राच्या किमतीपुढे नगण्य असतो. ही चाचणी खरेदीनंतर झाली, एवढेच काय ते दुर्दैव.

भारतातही विमानतळांवर स्फोटकांचे लेश ओळखणारी यंत्रे वापरात आहेत. पुण्याच्या हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने रसायनाच्या थेंबांनी होणाऱ्या रंगबदलावरून स्फोटक ओळखणारा सुटसुटीत संच तयार केला आहे. म्हणजे विद्येची वानवा नाही. प्रश्न आहे तो खरेदीच्या रीतीचा. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची प्रथा खुर्च्या, कागद किंवा सिमेंट यांच्या बाबतीत ठीक असेल. तेथे मालाचा कस तपासता येतो आणि प्रश्न केवळ दराचा उरतो. जेथे कसच अदृश्य आहे, तेथे दरांची तुलना निरर्थक ठरते. अशा खरेदीपूर्वी विक्रेता व खरेदी करणारे खाते या दोघांशीही संबंध नसलेल्या संस्थेने आंधळी चाचणी घ्यावी. ती येथील पावसाळ्यात, धुळीत आणि गर्दीत घ्यावी. यंत्र बसवल्यानंतरही, नाक्यावरील शिपायास न कळवता, नमुने पाठवून त्याची अधूनमधून परीक्षा घेतली जावी. अशाने दुर्मीळ घटना मुद्दाम घडवली जाते आणि अनुभव पुन्हा खरा गुरू बनतो.

निकाल जाहीर केल्यास घातपात करणाऱ्यांना मदत होईल, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. यंत्राची नेमकी संवेदनमर्यादा गुप्त ठेवण्यास हरकत नाही. परंतु ते उत्तीर्ण झाले की अनुत्तीर्ण, परीक्षा कोणी घेतली आणि पैसे किती दिले, हे गुप्त ठेवण्यात सुरक्षितता नसते. गुप्ततेच्या पडद्याचा सर्वाधिक लाभ मॅकॉर्मिकसारख्यांनाच होतो.

मॅकॉर्मिकला शिक्षा झाल्यानंतर तीन वर्षांनी, ३ जुलै २०१६ रोजी, बगदादच्या कर्राडा भागातील स्फोटात तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवसापर्यंत शहरातील नाक्यांवर त्याच कांड्या वापरल्या जात होत्या. त्या काढून घेण्याचा आदेश पंतप्रधानांनी या हत्याकांडानंतर दिला. न्यायालयाने लबाडी सिद्ध केली, विक्रेता तुरुंगात गेला, तरी यंत्र हातातून सुटले नाही. कारण ते टाकून देणे म्हणजे आजवर आपण निराधार होतो, हे मान्य करणे. एकदा विकत घेतलेली सुरक्षिततेची भावना सोडून देणे शासनसंस्थेलाही किती जड जाते, हे यावरून दिसते. म्हणूनच परीक्षा खरेदीच्या आधी झाली पाहिजे. नंतर झालेल्या परीक्षेची किंमत खजिन्यातून नव्हे, माणसांच्या प्राणांनी चुकवावी लागते.