हौस विकत मिळत नाही

जत्रांचे दिवस जवळ येऊ लागले की गोव्यातील गावोगावी तालमींना जोर चढतो. दिवसभर कचेरीत, दुकानात वा कुळागरात राबलेली माणसे रात्री देवळाच्या अग्रशाळेत जमतात आणि मध्यरात्रीपर्यंत नक्कल घोकत बसतात. यातून अर्थप्राप्ती तर नाहीच. उलट पडदे, रंगभूषा आणि साथसंगत यांच्यासाठी पदरमोड करावी लागते. करमणुकीची साधने आज प्रत्येकाच्या खिशात आली असताना ही माणसे एवढा खटाटोप का करतात आणि शेकडो ग्रामस्थ थंडीत कुडकुडत तो पाहायला पहाटेपर्यंत का बसतात, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

समाजशास्त्रज्ञांनी त्याचा विचार केला आहे. लॉरां आणि काफेरेर या फ्रेंच अभ्यासकांनी १९८५ साली असे दाखवले की एखाद्या वस्तूत ग्राहकाचे मन किती गुंतते, हे केवळ तिच्यापासून मिळणाऱ्या आनंदावर ठरत नाही. ती त्याला किती महत्त्वाची वाटते, तिच्यातून तो स्वतःची कोणती ओळख जगाला दाखवतो आणि निवड चुकली तर काय गमावतो, यांचाही त्यात वाटा असतो. त्याआधी तीन वर्षे रॉबर्ट स्टेबिन्स यांनी जन्मभर जोपासलेल्या छंदाचा वेगळा विचार मांडला होता. असा छंद चिकाटी मागतो, कौशल्य वाढवतो आणि माणसाला समव्यसनी मंडळींचा गोतावळा मिळवून देतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आमच्या जत्रेतील नाटकाला ही कसोटी तंतोतंत लागू पडते. 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर येऊन १९८२ सालीच शंभर वर्षे झाली. सुभद्रा अखेर कोणाला वरते, हे प्रेक्षागारातील पोराटोरांनाही ठाऊक असते. तरीही गर्दी होते, कारण कथेच्या उत्सुकतेपोटी कोणी आलेलेच नसते. यंदाचा नारद गतवर्षीच्या नारदापेक्षा सरस की उणा, हे पारखण्यासाठी माणसे येतात. जाण जसजशी वाढते तसतशी गोडी वाढते आणि गोडीबरोबर पुन्हा जाणही वाढते. शिवाय रंगमंचावर उभा असलेला नट कोणाचा तरी भाचा असतो, कोणाचा तरी शेजारी असतो. मुंबईचा चाकरमानी रजा राखून ठेवतो ती या रात्रीसाठी, कारण इथे आपल्या वाड्याची अब्रू पणाला लागलेली असते.

मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंकडेही लोक पुनःपुन्हा वळतात, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु ते आकर्षण निराळे. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस प्राण्याला एकच कृती वारंवार करायला लावते, हे स्किनर यांच्या प्रयोगांनी केव्हाच सिद्ध केले आहे. ती सवय होय. तिला जिव्हाळा म्हणणे हा शब्दाचा अपमान ठरेल.

जिव्हाळ्याची खरी परीक्षा सेवा बिघडते तेव्हा होते. चार्ल्स कोरिया यांनी उभारलेली पणजीची कला अकादमी नूतनीकरणासाठी २०२१ मध्ये बंद झाली. जुलै २०२३ मध्ये तेथील खुल्या रंगमंचाचे छत कोसळले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुख्य वास्तू पुन्हा खुली झाली. त्यानंतर नाट्यगृहातील ध्वनी आणि प्रकाशयोजनेतील उणिवांविरुद्ध कलाकारांनी 'कला राखण मांड' या नावाने एकत्र येऊन आवाज उठवला. निव्वळ गिऱ्हाईक असते तर ते मुकाट्याने दुसरीकडे गेले असते. ज्याला वास्तू आपली वाटते तोच भांडतो. अशा तक्रारीकडे सत्ताधाऱ्यांनी उपद्रव म्हणून पाहणे हा करंटेपणा होय. त्या संस्थेपाशी असलेले सर्वांत मोलाचे भांडवल तेच आहे.

म्हणूनच अलीकडची एक रीत आम्हांला चिंताजनक वाटते. तालमींचा व्याप नको म्हणून काही ठिकाणी वर्गणी गोळा करून बाहेरचे तयार नाटक वा वाद्यवृंद आणला जातो. बाहेरच्या गुणी कलावंतांना आमचा विरोध नाही. त्यांच्याकडून शिकूनच येथील हौशी रंगभूमी वाढली आहे. पण गावाचा स्वतःचा प्रयोग बंद पडला की ग्रामस्थ उरतो तो केवळ प्रेक्षक, आणि केवळ प्रेक्षकाला अधिक झगझगीत काही दिसले की त्याने उठून जाणे स्वाभाविक आहे. नट घडायला, जाणकार घडायला पिढी लागते. ती परंपरा मोडायला दोन-तीन जत्रा पुरतात.

देवस्थान समित्यांनी जत्रेतील निदान एक रात्र गावच्या नाटकासाठी राखून ठेवावी. पंचायतींनी तालमीसाठी जागा आणि दिवाबत्ती द्यावी. शाळांनी मुलांच्या हाती संहिता ठेवावी आणि सरकारने आपल्या नाट्यगृहांची डागडुजी कलाकारांना विचारून करावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. गावाला रंगमंचावर उभे राहण्याची संधी मात्र पुनःपुन्हा मिळाली पाहिजे. ती मिळाली तर प्रेक्षक आणण्यासाठी जाहिरातीची गरज पडणार नाही.